डोक्यावरचे बोगस बियाणे

अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला आणि तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या स्टेशनावरची गाडी थांबली. पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून मार्ग न्यायचा की वळसा घालून, या वादात वर्षे गेली. २०२२ मध्ये अकोला ते अकोट रेल्वे पुन्हा धावू लागली, पण ती अकोटलाच थांबते. त्यापुढे सातपुड्याच्या पायथ्याची गावे एसटीवर, काळी-पिवळीवर आणि सगळ्यात जास्त दुचाकीवर जगतात. अकोटच्या कॉलेजला जाणारी पोरे, तेल्हाऱ्याच्या शाळेवर जाणारे मास्तर, पहाटे दुधाच्या कॅन लावून निघणारा गवळी, फवारणीचा पंप पाठीला आणि बायको मागे बसवून शेतात जाणारा शेतकरी, बाळंतिणीला भेटायला निघालेली आजी, हे सगळे दुचाकीवर असतात. हिवरखेड आता नगर परिषदेचे गाव झाले आहे, पण तिथल्या माणसाचे वाहन बदललेले नाही.

या दुचाक्यांवर बसलेल्या डोक्यांविषयी आज लिहावे लागत आहे. हेल्मेट वापरा, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते सरकार सांगते, पोलीस सांगतात, शाळेतल्या रांगोळी स्पर्धाही सांगतात. आमचा इशारा वेगळा आहे. जे हेल्मेट घालतात, त्यांच्यातल्याही अनेकांच्या डोक्यावर हेल्मेट नाही. हेल्मेटच्या आकाराचे प्लास्टिकचे भांडे आहे. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेले, दोन-अडीचशे रुपयांना मिळणारे, वरून चकचकीत आणि मागे आयएसआयचा स्टिकर चिकटवलेले ते भांडे अपघाताच्या क्षणी काहीही करत नाही. उघड्या डोक्याच्या माणसाला आपण उघडे आहोत एवढे तरी ठाऊक असते. याला वाटते की आपण सुरक्षित आहोत.

ही खरेदी होते कशी, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही चौकात उभे राहिले तर कळेल. पुढच्या नाक्यावर पोलीस उभे आहेत ही बातमी येते, आणि मागच्या वळणावरच्या विक्रेत्याकडे गर्दी होते. ‘पावती फाटू नये म्हणून घेतलं’ असे लोक मोकळेपणाने सांगतात. कायद्यातला दंड १,००० रुपयांचा आणि टोपी २०० रुपयांची, हा हिशेब कोणालाही जमतो. त्या माणसाला दोष देऊन चालणार नाही. हेल्मेट ही दंड चुकवण्याची वस्तू आहे, असे त्याला आपल्या व्यवस्थेनेच शिकवले. नाक्यावरचा शिपाई डोक्यावर काही आहे की नाही एवढेच पाहतो. काय आहे, ते पाहत नाही. जिथे फक्त असण्याला किंमत आहे, तिथे बाजार फक्त असल्यासारखी दिसणारी वस्तूच पुरवणार.

वऱ्हाडाला हा प्रकार नवा नाही. बोगस बियाण्याने आपले काय केले, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून तर शेतकरी पिशवीवरचे लेबल वाचतो, लॉट नंबर पाहतो, बिल जपून ठेवतो. सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहतो. जून जवळ आला की कृषी विभागाची भरारी पथके दुकाने तपासतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, गुन्हे दाखल होतात. हे सगळे पुरेसे होते असे नाही, पण निदान ती सवय आहे, ती यंत्रणा आहे. बियाणे फसले तर दुबार पेरणी करता येते. हेल्मेटला ना उगवण चाचणी आहे, ना दुबार पेरणी. ते चांगले की वाईट हे घरी तपासता येत नाही, कारण तपासायचे म्हणजे फोडायचे. एकदा आपटलेले हेल्मेट, वरून धड दिसत असले तरी, पुन्हा वापरायचे नसते. ग्राहकाच्या हातात एकच पुरावा उरतो तो त्यावरच्या मानकचिन्हाचा. ते चिन्ह खोटे छापणारा माणूस म्हणूनच साधा भेसळखोर नाही. जिवाची खात्री करून घेण्याचे एकमेव साधनच तो पळवतो.

खरे हेल्मेट काम कसे करते, हे एकदा समजले की हा गुन्हा केवढा आहे ते लक्षात येते. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी उभी असताना तो नुसता कलंडला, तरी डोके ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने रस्त्यावर आदळते. सिमेंटचा रस्ता दबत नाही, कवटीही फारशी दबत नाही, त्यामुळे डोके एक-दोन मिलिमीटरच्या आत थांबते. आत तरंगणारा मेंदू मात्र त्याच वेगात पुढे जाऊन कवटीच्या आतल्या भिंतीवर आपटतो. बाहेर रक्ताचा थेंबही नसताना आत रक्तस्राव होतो तो यामुळे. हेल्मेटच्या कडक कवचाच्या आत जो दाट थर्माकोलचा थर असतो, तो चुरडला जाण्यासाठीच घातलेला असतो. चुरडताना तो डोक्याला थांबायला जागा देतो. थांबण्याचे अंतर दोन मिलिमीटरवरून पंचवीस मिलिमीटरवर गेले, तर डोक्यावर येणारा सरासरी धक्का बारा पटींनी कमी होतो. सगळे प्राण त्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या थरात आहेत. कवचाचे काम धक्का पसरवणे आणि डोके रस्त्यावर अडकू न देता घसरू देणे. पट्ट्याचे काम पहिल्या धडकेत हेल्मेट उडून जाऊ न देणे, कारण दुसरी धडक रस्त्याची किंवा दुभाजकाची असते. हाताला गुबगुबीत लागणारा आतला स्पंज फक्त डोक्याला टोचू नये म्हणून असतो. तो जीव वाचवत नाही.

बनावट हेल्मेट पैसा वाचवते ते नेमके इथेच. थर्माकोल हलक्या घनतेचा आणि पातळ लावतात, किंवा लावतच नाहीत आणि स्पंजावर भागवतात. कवच पुन्हा वितळवलेल्या भंगार प्लास्टिकचे असते. ते तडकते, आणि तडकलेल्या कडा चेहऱ्यात शिरतात. पट्ट्याचा रिबीट झटक्यासरशी निघतो. काच फुटून डोळ्यात जाण्याची भीती असते. ग्राहकाला दिसतो तो रंग आणि नाव. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे केलेला माल बाजारात आहे. अमेरिकेतल्या मानकाचा ‘डॉट’ असा स्टिकर लावूनही हेल्मेटे विकली जातात. त्या देशात हे चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. भारतीय मानकाची जागा ते घेऊ शकत नाही. याशिवाय बांधकामावरची पिवळी टोपी घालून गाडी चालवणारे आहेतच. त्या टोपीचे मानक वेगळे आहे, आयएस २९२५. वरून पडणाऱ्या विटेपासून वाचवण्यासाठी ती असते. ती कान झाकत नाही, मागची कवटी झाकत नाही, आणि गाडीवरून फेकल्या गेलेल्या डोक्याचा विचार तिच्या रचनेत केलेलाच नाही.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे कोणी म्हणू नये. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने, ज्याचा कारभार विदर्भातले नितीन गडकरी पाहतात, २६ नोव्हेंबर २०२० रोजी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जून २०२१ पासून मानकचिन्हाशिवाय असे हेल्मेट बनवणे, साठवणे, विकणे देशात बेकायदा ठरले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर या वस्तूंबाबत सुरक्षा सूचना जारी करून विनाचिन्ह माल घेऊ नका असे नागरिकांना बजावले. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ नुसार अशा गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड आहे. दंडाची ही तरतूद विकणाऱ्यासाठी आहे. पण वऱ्हाडात आजवर पावती फाटली ती घालणाऱ्याची.

महाराष्ट्राच्या हेल्मेटसक्तीचा इतिहास पाहा. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला, लोक चिडले आणि ती योजना विरली. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात सक्ती झाली, तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस मागे बसणाऱ्यांच्याही हेल्मेटची तपासणी करा, असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांनी दिले. पुन्हा वाद झाला. या प्रत्येक वेळी चर्चा डोक्यावर हेल्मेट हवे की नको याचीच होती. कोणते हेल्मेट, याची चर्चा कधी झाली नाही. आणि या प्रत्येक मोहिमेनंतर रस्त्याकडेच्या दोऱ्यांवरचा माल वाढला. मागणी तयार करायची आणि पुरवठ्याकडे डोळेझाक करायची, ही सक्ती अर्धवट आहे, आणि तिने बनावट मालाच्या व्यापाऱ्याला फुकट ग्राहक मिळवून दिले आहेत.

केंद्राने हे ओळखले नाही असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने देशभरातल्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून विनामानक हेल्मेटच्या विक्रीविरुद्ध मोहीम उघडायला सांगितले. जुलै २०२५ मध्ये त्याच विभागाने माहिती दिली की देशात २१ कोटींहून अधिक दुचाक्या आहेत आणि हेल्मेट बनवण्याचा वैध परवाना असलेले उत्पादक १७६ आहेत. २०२४-२५ या वर्षात ५०० हून अधिक नमुने तपासले गेले आणि तीसेक ठिकाणी झडती व जप्ती झाली. एकट्या दिल्लीत परवाने संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून २,५०० हून अधिक हेल्मेटे जप्त झाली. म्हणजे फसवणूक फक्त दोरीवरच्या मालात नाही. कधीकाळी खरा परवाना असलेला कारखानाही परवाना गेल्यावर तेच चिन्ह छापत राहू शकतो. आता या आकड्यांची तुलना करा. २१ कोटी दुचाक्यांमागे वर्षाला तीसेक झडत्या. या गतीने तपासणीचे पथक तेल्हारा तालुक्यात कोणत्या शतकात पोहोचेल?

या दुर्लक्षाचे मोल मोजले गेलेले आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. महाराष्ट्रात १५,२२४ जीव गेले. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण त्या वर्षी मेले, त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. पण हा अहवाल हेल्मेट नव्हते एवढीच नोंद देतो. हेल्मेट होते आणि ते फुटले, पट्टा तुटला, आत थर्माकोलच नव्हता, असे किती मेले याला त्या तक्त्यात रकाना नाही. चांगले हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी करते, असे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. बनावट हेल्मेट घालणाऱ्याने पैसे मोजले, उन्हात डोके शिजवले, नियम पाळला, आणि तरीही यातला एक टक्काही त्याच्या पदरात पडेल याची हमी नाही. पोलीस पंचनाम्यात हेल्मेटचे मानकचिन्ह, परवाना क्रमांक आणि त्याची अपघातानंतरची अवस्था नोंदवायला काय अडचण आहे? गाडीच्या टायरची अवस्था आपण लिहितो, तुटलेल्या इंडिकेटरची लिहितो.

हिवरखेडसारख्या गावाला हा प्रश्न शहरापेक्षा जास्त भिडतो, याचे कारण अंतर आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिला तास मोलाचा असतो. इथून तो आधी गावातल्या आरोग्य केंद्रात जातो, मग अकोटच्या रुग्णालयात, आणि तिथून चोहोट्टा, गांधीग्राम करत अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात. साठ-सत्तर किलोमीटरची ही वाट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल तडे गेल्याने बंद करावा लागला, तेव्हा ती वाट किती नाजूक आहे ते सगळ्यांनी पाहिले. अकोल्यात पोहोचूनही मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांना नागपूर गाठावे लागते, आणि तो खर्च भागवायला वावर विकावे लागते. ज्या गावापासून न्यूरोसर्जन एवढा लांब आहे, तिथे ते अडीच सेंटीमीटर थर्माकोल हीच पहिली आणि बऱ्याचदा शेवटची आरोग्यसेवा असते.

हेल्मेट न घालण्यामागचे उन्हाचे कारण आम्हाला मान्य आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधणेच शहाणपणाचे वाटते आणि जड हेल्मेट नकोसे होते. पण त्यावर उत्तर निघालेले आहे. दिल्लीच्या एम्समधले डॉक्टर आणि मानक ब्युरोचे तज्ज्ञ असलेल्या समितीने भारतीय हवामानाला सोसतील अशी हलकी हेल्मेटे मार्च २०१८ मध्येच सुचवली, आणि त्यांच्या शिफारशींनुसार मानकात बदल झाले. हवा खेळती राहील अशी छिद्रे असलेली, वजनाला कमी आणि तरीही मानकात बसणारी हेल्मेटे मिळतात. ती खेड्यातल्या दुकानात ठेवली जात नाहीत, कारण शेजारी दोनशेची टोपी लटकत असते. आणि दुपट्टा जाडजूड गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवले तर ते सैल बसते आणि धडकेत फिरते. आत पातळ सुती रुमाल पुरे.

लेकरांचा विचार तर कोणाच्याच मनात येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी अंगाला बांधायचा पट्टा, त्यांच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर बसवलेले पोर घेऊन हिवरखेडहून सोनाळ्याला निघालेल्या बापाला हा नियम कोणी सांगितला आहे? त्या पोराच्या मापाचे मानकचिन्हाचे हेल्मेट तालुक्यातल्या किती दुकानांत मिळते?

खरेदी करणाऱ्याने करायच्या गोष्टी फार नाहीत. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ४१५१ असा आकडा हवा आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनंतर परवाना क्रमांक हवा. क्रमांकाशिवाय नुसते चिन्ह म्हणजे खोटे चिन्ह. मोबाइलवर बीआयएस केअर हे अ‍ॅप घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की संपला, ते तिथल्या तिथे दिसते. दुकानदारासमोरच पाहा. आतला स्पंज बोटाने सरकवून मागे दाट थर्माकोल आहे का ते बघा. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहा, डोक्यावरून निघता कामा नये. पक्के बिल घ्या. नवी गाडी घेत असाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार मानकाचे हेल्मेट गाडीसोबत द्यायचे असते, ते मागा. मागितल्याशिवाय ते मिळत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने दोन हेल्मेटे देण्याच्या नियमाचा मसुदाही काढला. संशय आला तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पण सगळा भार ग्राहकावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. निरक्षर मजुराने परवाना क्रमांक तपासावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. विकू नये ते विकले जाऊ नये, हे पाहणे सरकारचे काम आहे. मानक ब्युरोचे शाखा कार्यालय नागपुरात आहे. तिथल्या मोजक्या अधिकाऱ्यांनी वऱ्हाडातला प्रत्येक आठवडी बाजार पाहावा हे शक्य नाही, आणि कायद्याने ते एकट्यांवर सोडलेलेही नाही. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, स्वतः ग्राहक, ग्राहकांची संघटना, यांच्या तक्रारीचीही न्यायालय दखल घेऊ शकते. अकोटला उपविभागीय पोलीस अधिकारी बसतात. हिवरखेडला ठाणे आहे. बाजारातल्या ओट्यांची वसुली नगर परिषद करते, म्हणजे कोण काय विकतो हे तिला माहीत असते. बाजाराच्या परवानगीत विनामानक हेल्मेट विकणार नाही, ही एक अट घालायला मुंबईहून आदेश येण्याची गरज नाही.

लहान विक्रेत्याला लुबाडण्यासाठी ही मोहीम वापरली जाऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. दोरीवर हेल्मेट टांगणारा पोरगा पोटासाठी उभा असतो आणि त्यालाही माल खरा की खोटा ठाऊक नसतो. त्याची टोपली उलटून फोटो काढणे ही कारवाई नव्हे. माल कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडून आला, त्याच्याकडे कोणत्या कारखान्यातून आला, तिथवर जायला हवे. बोगस बियाण्याच्या बाबतीतही गावातला दुकानदार पकडला जातो आणि पिशव्या भरणारा सुटतो. तीच चूक इथे नको.

आमची मागणी नेमकी आहे. कापूस घरात येऊ लागला की दसरा-दिवाळीला दुचाक्यांची आणि त्यांच्यासोबत हेल्मेटची खरेदी वाढते. त्याआधी अकोला आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस, परिवहन, वैधमापन आणि मानक ब्युरो यांचे संयुक्त पथक नेमावे आणि सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणाहून न करता अकोट, तेल्हारा, हिवरखेड, अंजनगाव या टोकाच्या बाजारांतून करावी. पोलिसांनी नाक्यावर बनावट हेल्मेट घातलेला माणूस अडवला तर त्याच्या दंडावर थांबू नये, त्याने ते कुठून घेतले हे लिहून घ्यावे. कृषी विभाग बियाण्यांच्या नमुन्यांचे निकाल देतो, तसे किती दुकाने तपासली, किती नमुने प्रयोगशाळेत गेले आणि किती ठोक व्यापाऱ्यांवर गुन्हे नोंदले, हे तीन आकडे दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी दर महिन्याला जाहीर करावेत. आम्ही ते तालुकानिहाय छापू. ज्या तालुक्यापुढे शून्य असेल, त्या तालुक्याचे नावही छापू.